घरगाडी घेऊन डोंगरात

माझे बाबा एकतीस वर्षं एसटी चालवत होते, पण घरच्यांना सहलीला म्हणून त्यांनी कधी कुठं नेलं नाही. सुट्टीच्या दिवशी त्यांना चाक नजरेसमोर नको असायचं. ते निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी, एका हिवाळ्यात, माझ्या नवऱ्यानं दोन दिवसांसाठी एक घरगाडी भाड्यानं आणली. बाहेरून मोठा टेम्पो, आत झोपायला चार फळ्या, शेगडी, बेसिन, आणि एका कपाटात चक्क संडास.

गारखेड्यात आमच्या दारासमोर ती उभी राहिली तेव्हा बाबांनी आधी चारही टायर बुटानं ठोकून पाहिले. मग म्हणाले, "जावईबापू, गाडी बरीय. पण मी मागं बसणार. मला चालवायला सांगायचं नाही."

आईनं कुकर, परात, बाजरीचं पीठ, ठेच्याची बरणी आणि सहा चादरी चढवल्या. माझी बारा वर्षांची लेक वरची फळी पकडून बसली आणि आम्ही निघालो. कन्नडच्या पुढं डोंगरात नवऱ्याच्या मित्राचं शेत होतं, तिथं मुक्काम करायचा होता.

शहरातल्या छावणी भागापर्यंत पोचलो नाही तोच आईला आठवलं, कोथिंबीर राहिली. बाजारात गाडी कडेला लावली. मी भाजी घेऊन परत आले तर दारापाशी तीन म्हातारे ओळीनं उभे. पहिल्यानं बाही वर करून हात पुढं केला होता.

"काका, काय झालं?" मी विचारलं.

"बीपी बघता ना? शुगर बी बघून टाका, सकाळपासून काय खाल्लं नाय."

पांढरी गाडी आणि आतल्या पलंगासारख्या फळ्या बघून त्यांना तो फिरता दवाखाना वाटला होता. मी खुलासा करणार तेवढ्यात आई आतून म्हणाली, "उपाशी नका राहू, चहा घ्या." शेगडी पेटली. भर बाजारात, आमच्या घरात, तिघांनी चहा घेतला. निघताना एकानं बाबांना हळूच विचारलं, "डॉक्टरसाब, आता आराम पडेल ना?" बाबांनी गंभीरपणे मान हलवली. पुढचे दहा किलोमीटर आमची लेक त्यांना डॉक्टरसाब म्हणत होती आणि प्रत्येक वेळी आम्ही नव्यानं हसत होतो.

कन्नड सोडलं आणि चढ लागला. नवरा घामाघूम झाला. बाबा मागच्या बाकावर हात मांडीवर ठेवून बसले होते, पण त्यांचा डावा पाय मात्र आपोआप क्लच दाबत होता. तिसऱ्या वळणावर गाडी कण्हायला लागली तशी त्यांच्या तोंडून निघालंच, "गियर टाका, जावईबापू! गियर!"

नवऱ्यानं गाडी थांबवली आणि हात जोडले. "बाबा, तुम्हीच या."

बाबांनी दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा नको म्हणेपर्यंत ते स्टिअरिंगवर बसले होते. आई पटकन त्यांच्या शेजारी जाऊन बसली. त्यानंतर प्रत्येक वळणावर हॉर्न वाजला, समोर कुणी असो नसो. आई खिडकीला धरून ओरडत होती, "आवो, हळू!" आणि वळण संपलं की विचारत होती, "अजून हाय का?"

शेतावर सपाट जागा नव्हती. गाडी पुढच्या बाजूला कलून उभी राहिली. टायरखाली दगड लावले तरी कांदे ओट्यावरून घरंगळतच राहिले. तेवढ्यात शेत राखणारी बाई तिच्या जावेला आणि एका शेळीला घेऊन घर बघायला आली. दोघींनी फळ्या दाबून पाहिल्या, नळ सोडून पाहिला.

"आन हे काय?"

"संडास," आई म्हणाली.

"गाडीत? व्हय?" दोघी जावा पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "लई भारी. पण एवढं रान मोकळं असताना कपाटात कशाला बसायचं?"

आम्ही सगळेच हसत खाली उतरलो. आईनं बाहेर तीन दगडांची चूल मांडली. आणि शेळी, जिच्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं, ती आत चढली. गाडी कललेली, त्यामुळं सरकतं दार आपोआप सरकलं, खट्कन बसलं आणि लॉक झालं. पुढची दारं आधीच बंद केलेली, आणि किल्ली आत होती.

शेळीनं आधी गाडीच्या मालकानं दिलेला नियमांचा कागद खाल्ला. मग कोथिंबीर. मग ती बाबांच्या सीटवर चढली, पुढचे दोन्ही पाय स्टिअरिंगवर ठेवले आणि हॉर्न वाजायला लागला. थांबेचना. शेत राखणारी बाई काचेवर थापा मारत होती, "उतर गं भवाने, लायसन हाय का तुझ्याकडं!" नवरा जमिनीवर बसला, मला श्वास घेता येईना, आणि बाबा पोट धरून बांधावर आडवे झाले होते. त्यांना असं हसताना मी कधीच पाहिलं नव्हतं. शेवटी त्यांनी नातीला खांद्यावर उभं केलं. ती छताच्या झरोक्यातून आत उतरली आणि तिनं दार उघडलं. शेळी कुणाकडं न बघता खाली उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी खाऊन आवराआवर करत होतो. आई हात पुसत आली आणि बाबांना म्हणाली, "मला चालवायचीय."

मला वाटलं ते झिडकारतील. त्यांनी गाडी कापणी झालेल्या सपाट वावरात नेली, आईला बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. "क्लच सोड. हळू. आता बघ पुढं."

गाडीनं दोन उड्या मारल्या आणि चालायला लागली. आई मोठ्यानं किंचाळत होती, पण पाय काढत नव्हती. लेक आणि मी शेजारून धावत होतो, धसकटं पायाला टोचत होती. आतून परात पडल्याचा आवाज आला. बाबा ओरडले, "पडू दे! पुढं बघ तू!" वावराच्या टोकाला इंजिन बंद पडलं.

आई खाली उतरली नाही. तिनं काच खाली केली, केस मागं सारले आणि म्हणाली, "एक चक्कर अजून."