कमरेचा एमआरआय आणि आईचा करदोटा

माझा डावा पाय पोटरीपासून खाली बधिर व्हायला लागला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "कमरेचा एमआरआय करून आणा. नस किती दबलीय ते दिसलं की ऑपरेशनचं ठरवू."

गंगापूर रोडवरच्या सेंटरमध्ये आधी एक फॉर्म दिला. सतरा प्रश्न. शरीरात पेसमेकर आहे का, रॉड आहे का, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का. प्रत्येक प्रश्न दोनदा वाचून मी सतरा वेळा 'नाही' लिहिलं. मग घड्याळ, अंगठी, पट्टा, पाकीट आणि चष्मा बायकोच्या पिशवीत टाकला.

"सगळं काढलंत ना?" तिनं विचारलं.

"मोजून पाच वस्तू दिल्यात."

आत चांगलंच गार होतं. मशीन चालवणाऱ्या मुलीनं मला फळीवर झोपवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि हातात रबरी फुगा दिला. "काका, पंचवीस मिनिटं हलायचं नाही. आवाज खूप येईल, थोडं गरम वाटेल, ते नॉर्मल आहे. त्रास झाला तरच फुगा दाबा."

फळी बोगद्यात सरकली. नाकापासून छत वीतभर लांब. आधी ठोकल्यासारखा आवाज सुरू झाला. मी ठोके मोजायला लागलो; साठाच्या पुढे गेलो तर आवाजच बदलला, आणि आधीचे धरायचे की पहिल्यापासून मोजायचं ते कळेना. तेवढ्यात कमरेखाली, मणक्याच्या शेजारी, रुपयाच्या नाण्याएवढी जागा गरम लागू लागली. थोडं गरम नॉर्मल. पण थोडं म्हणजे किती?

मग आठवलं. करदोटा! कळवणला राहणारी आई दर वर्षी वणीच्या देवीहून काळा दोरा आणून माझ्या कमरेला बांधते. त्यात पत्र्याचा ताईत असतो. लहानपणापासून कमरेला आहे, आंघोळीतसुद्धा काढत नाही. पाच वस्तू मोजताना तो मोजण्यात आलाच नव्हता. आता तो खरंच तापला होता, की आठवल्यामुळे मला तसं वाटत होतं? फुगा दाबला तर सगळं पहिल्यापासून. नाही दाबला तर भाजेल, की काहीच होणार नाही? बराच वेळ मी नुसता फुगा धरून पडलो. मग दाबला.

"काय झालं, काका?"

"कमरेला ताईत आहे."

"फॉर्मवर तर सगळीकडे नाही लिहिलंय! दागिने नाहीत म्हणून लिहिलंय."

"तो दागिना नाही."

"मग काय आहे?"

फळी बाहेर आल्यावर मी शर्ट वर केला. तिनं कमर पाहिली; कातडी जराशी लाल झाली होती. मग पडद्यावर तोवर आलेली चित्रं दाखवली. मणक्याजवळ काळा डाग. "बघा, डॉक्टरांना बघायचंय तिथंच. नस दिसेल कशी? कापू का दोरा?"

"कापू नका," मी घाईनं म्हणालो.

बायकोला बोलावलं. गाठ नखानं सोडवता सोडवता ती पुटपुटली, "मोजून पाच ना?"

दुसऱ्यांदा मी काहीच मोजलं नाही. कमर मोकळी मोकळी लागत होती, आणि ते बरं वाटतंय की वाईट, हेही समजत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, नस दबलीय, पण ऑपरेशन आत्ता नको. सहा आठवडे व्यायाम, मग बघू. मी आईला फोन केला.

"ऑपरेशन नाय ना? मग! मी बांधलाय ना करदोटा."

"आई, तो काढला तेव्हा कुठं नस दिसली."

"मग परत बांधला का नाय?"

तो अजून पिशवीतच होता. सहा आठवड्यांनी पुन्हा मशीनमध्ये जावं लागेल का, हे डॉक्टरांना विचारायचं राहून गेलं होतं. बांधावा की थांबावं?

"बांधतो," मी म्हणालो, आणि पिशवी शोधायला उठलो. डावा पाय टेकला तेव्हा तो अजून बधिरच होता.