यादीतलं एक नाव

दिवाळीआधी कपाट झाडताना जुना कीबोर्ड हाती आला. त्याच्या बाणांच्या कळांवरच्या खुणा पार गेल्या आहेत. साधे फुकटचे खेळ खेळून त्या माझ्या मुलीनं घालवल्या. धाराशिवच्या आमच्या घरात तेव्हा एकच संगणक होता. चोरीचं विंडोज मी टाकू दिलं नाही, म्हणून त्यावर फुकट मिळणारं लिनक्स होतं, आणि तिला हवा असलेला गाड्यांच्या शर्यतीचा विकतचा खेळ त्यावर चालत नव्हता. खेळ बनवणाऱ्यांनी इंटरनेटवर यादी उघडली: विकत घेऊ म्हणणारी पाचशे नावं महिन्याभरात आली, तर लिनक्ससाठीही काढू. तिनं आपलं नाव टाकलं आणि म्हणाली, "बाबा, तुमचं, आईचं, आजीचं बी टाका की." खाटेवरून माझी आई म्हणाली, "टाक गं माझं, म्या बी पळवते गाडी!" सगळे हसले. मी म्हणालो, "खेळणार एकटी, तर नाव एकच." यादी चारशे बारावर थांबली. ती जेवेना, तेव्हा मी समजावलं, की आपली तीन धरली तरी पंच्याऐंशी कमीच पडली असती. ती म्हणाली, "हिशोब मला बी येतो, बाबा. मला तुमचं नाव पाहिजे होतं." यंदा तो खेळ लिनक्सवर चालू लागल्याचं वाचलं आणि मी तो विकत घेतला. पुण्याला तिला फोन करून खेळ घेतल्याचं कळवलं, तर तिनं पहिलं विचारलं, "नाव कुणाचं टाकलं?" "माझं," मी म्हणालो, आणि सहा गाड्यांत सहावा आलो, हेही सांगितलं.