ठिपका पुसण्याची सोय

माझ्या कॅमेऱ्यात काय काय बिघडलेलं आहे हे सांगायला बसलो तर हातातला चहा गार होईल. मुठीकडचं रबर सुटलंय, ते मी सायकलच्या पंक्चरला लावतात त्या सोल्युशननं चिकटवलंय. बॅटरीचं झाकण नीट बसत नाही, त्याला रबरबँड आहे. लेन्स माझ्याआधी दोघांनी वापरलेली. तिच्या कडेला बुरशीचा एक धागा आहे, टॉर्च मारला की कोळ्याच्या जाळ्यासारखा दिसतो. फोकसची कडी थंडीत हलत नाही आणि उन्हाळ्यात नुसती धरली तरी फिरते. डावीकडची कड कायम भुरकट येते, म्हणून मी माणसांना मधोमध उभं करतो आणि डावीकडे भिंत, झाड, नाहीतर कुणाची तरी मोटरसायकल येऊ देतो.

हैदराबादला ज्याच्याकडून घेतला त्यानं मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं, "मास्टर साब, मिररलेस है. अंदर आईना ही नहीं, तो टूटेगा क्या?" आरसा नाही हे खरं. पण बाकी मोडण्यासारखं पुष्कळ असतं हे त्यानं सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. मला कॅमेरा हवा होता. आळंदच्या हायस्कुलात विज्ञान शिकवणारा, लग्न राहून गेलेला, दोन खोल्यांत एकटा राहणारा माणूस संध्याकाळी काय करणार? वह्या तपासून झाल्या की उरलेल्या वेळाला काही तोंडच नसतं.

कुणी म्हणतं, नवा घ्या की सर. असं म्हणणाऱ्याचा मला राग येतो. आपलं माणूस जरा लंगडायला लागलं म्हणून नवं आणतो का आपण? खोट कुठं आहे ते ओळखायचं, आणि ती टाळून काम करायचं. माझा सगळा अभिमान यात होता. अजूनही तो पुरता गेलेला नाही, म्हणून आधीच सांगून टाकलं.

यातली एक खोट मात्र टाळता येत नव्हती. कॅमेऱ्याच्या आत ज्या चकतीवर चित्र उमटतं तिच्यावरचा एक कण अडकून बसलाय. समोर काहीही असो, तो लालच दाखवतो. कॅमेरा आडवा धरला तर हा लाल ठिपका उजवीकडे जरा खाली येतो, उभा धरला तर उजवीकडे वरच्या अंगाला. आकाशात लाल, भिंतीवर लाल, पांढऱ्या बैलाच्या पाठीवर लाल. दुरुस्तीला कॅमेरा बेंगळुरूला पाठवावा लागेल, म्हणाले. मी नाही पाठवला. संगणकावर एक सोय सापडली. ठिपक्याभोवती गोल आखायचा, मग संगणक शेजारचा तुकडा उचलून तिथं ठिगळ लावतो. एकदा गोल आखून ठेवला की नंतरच्या प्रत्येक फोटोला त्याच जागी आपोआप ठिगळ लागतं. बघायलासुद्धा नको. ठिपका थोडा पसरतो म्हणून मी गोल जरा ऐसपैस आखला. त्या दिवशी मी स्वतःवर इतका खूश होतो की वर्गात पोरांना अर्धा तास तेच सांगत बसलो.

माझी अक्का निंबर्ग्याला दिलेली. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर न कळवता जावं असं जगात ते एकच घर उरलं होतं. रविवारी सकाळची बस धरायची, अकराच्या सुमाराला तिच्या ओसरीवर टेकायचं. दाजींच्या वडिलांच्या काळी दोनशे मेंढरं होती. दाजींनी शेती धरली, तूर आणि ज्वारी. तरी चार मेंढरं दारात असायचीच. विचारलं तर म्हणायचे, "सवय हाय मास्तर, वास आला न्हाई तर झोप येत न्हाई."

दाजींच्या छातीत दुखू लागलं. सोलापूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. तारीख ठरली आणि त्या रविवारी अक्कानं मला न्हाणीकडं बोलावलं. ज्या बाईनं तीस वर्षांत नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नाही, चारचौघांत त्यांच्या शेजारी कधी बसली नाही, ती खाली बघत म्हणाली, "आमचा दोघांचा एक फोटो काढ रं. लग्नातलाबी न्हाई आमचा."

का, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दोघांनाही माहीत होतं.

तिनं हिरवं लुगडं नेसलं. मेण लावून त्यावर कुंकू भरलं, चांगलं ठसठशीत. आता असं कुणी लावत नाही, ती लावायची. दाजींनी फेटा बांधला. दारात दोघांना उभं केलं. अक्का त्यांच्या डाव्या हाताला, रीतीप्रमाणे, म्हणजे मला उजवीकडे. दोघं पायापासून डोक्यापर्यंत यावीत म्हणून कॅमेरा उभा धरला. दाजी इतके ताठ उभे राहिले की मी म्हटलं, "दाजी, श्वास घ्या." अक्का हसली. तेवढ्यात मी बटण दाबलं.

फार चांगला फोटो आला होता. घरी आल्यावर संगणकावर मोठा करून पाहिला. डोळे स्पष्ट आहेत का पाहिलं, भुरकट कड कुठं खटकत नाही ना पाहिलं, फेट्याचा रंग जरा खुलवला. मला ज्या खोटी ठाऊक होत्या त्या सगळ्या मी तपासल्या. कलबुर्गीला मोठा छापून घेतला, काच-चौकट केली, आणि ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी कागदात गुंडाळून, बसमध्ये मांडीवर धरून निंबर्ग्याला नेला.

दाजींनी हातात घेतला आणि खूश झाले. "बग, मी अजून तरणाच दिसायलाव." मग अक्कानं घेतला. बघता बघता तिचा हात स्वतःच्या कपाळाकडे गेला.

"माझं कुकू कुठाय रं?"

मी पाहिलं. अक्काचं कपाळ गुळगुळीत होतं. शेजारची कातडी उचलून इतकं सफाईदार ठिगळ बसलं होतं की तिथं कधी काही होतं असं कुणी म्हटलं नसतं. कॅमेरा उभा धरल्यावर ठिपका जिथं येतो, नेमकं तिथं तिचं कपाळ आलं होतं. ऐसपैस गोल.

मला त्याच क्षणी सगळं कळलं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण नवरा ऑपरेशनला निघालाय अशा बाईला, आणि तीही आपली बहीण, कोण म्हणणार की तुझं कुंकू मी पुसलं? ते शब्द तोंडात धरवेनात. मी म्हणालो, "कॅमेऱ्यात खोट हाय, अक्का. जुना हाय तो."

"खोट काय कुकू बघून खायलीय?" ती म्हणाली.

"दे, परत छापून आणतो."

"ऱ्हाऊ द्या मास्तर," दाजी म्हणाले. "मानूस शेजारी हुबा हाय की, कुकू कशाला पायजे?" आणि स्वतःच स्टुलावर चढून त्यांनी तो दारासमोरच्या भिंतीवर टांगला.

ऑपरेशन नीट झालं. आठवड्याभरात दाजी घरी आले, चालू लागले, डॉक्टरांनी सगळं खायला, फिरायला सांगितलं. मला वाटलं, चला, सुटलो. मूळ फोटो माझ्या संगणकात जसाच्या तसा होता, कुंकवासकट. दोन दिवसांत छापून नेता आला असता. पण नेला की ती विचारणार, मग पहिल्यात कुठं गेलं होतं? जेव्हा जेव्हा न्यायचं मनात आलं तेव्हा तेव्हा मी पुढचा रविवार ठरवला.

अक्का मात्र सुटली नव्हती. फोटोच्या काचेवर, तिच्या कपाळाच्या जागी, ती रोज सकाळी कुंकवाचं बोट लावायची. आधी तिथं, मग स्वतःला. दर रविवारी ते ओलं, ताजं दिसायचं. मी ते बघायचो आणि भाकरी मोडून खायला लागायचो.

दाजींना तिनं घराबाहेर पडू दिलं नाही. शेत ओढ्यापलीकडे, चालत वीस मिनिटांवर. "डाक्टर फिरा म्हनलाय," असं ते म्हणायचे, आणि ती म्हणायची, "डाक्टरला काय दिसतंय? मला देवानं दाखवलंय." पेरणी पुतण्यांनी केली, कोळपणी पुतण्यांनी केली. दाजी ओसरीवर बसून मेंढरांशी भांडायचे. एकदा मला हळूच म्हणाले, "मास्तर, तुमच्या कॅमेऱ्यात तूर घिऊन या की. बघतो तरी."

मी गेलो. ओढा ओलांडून, बांधावर उभं राहून तुरीचे फोटो काढले आणि परत येऊन कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर त्यांना दाखवले. त्यांनी चष्मा चढवला आणि एकेक झाड मोठं करून पाहिलं. लाल ठिपका दिसला तेव्हा म्हणाले, "तुरीत मिरची कुनी लावली?" मी खूप हसलो. नंतर दर दोन आठवड्यांनी हे आमचं ठरूनच गेलं. कळ्या आल्या, फुलं आली, शेंगा भरल्या, सगळं त्यांनी त्या चार बोटं रुंद पडद्यावर पाहिलं. मला वाटायचं, आपण त्यांच्यासाठी केवढं करतोय.

तूर कापणीला आली त्या आठवड्यात ते ओसरीवरच गेले. सकाळी चहा घेतला, भिंतीला टेकले, तसेच. मातीला आलेल्या बायका भिंतीकडे बघून आपापसांत बोलत होत्या. फोटोतच दिसलं होतं म्हणे. अक्का माझ्याकडे बघत नव्हती, की मीच तिच्याकडे बघत नव्हतो, आता सांगता येत नाही.

तेराव्यानंतर माझं जाणं कमी होत होत थांबलं. परीक्षा आहे, जनगणनेचं काम लागलंय, ताप आहे. रविवारी मी आळंदच्या तळ्याकडे कॅमेरा घेऊन जायचो आणि काहीही न काढता परत यायचो. रविवार किती लांब असतो हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. दुपारी खोलीत भाकरी तव्यावर टाकायची, एकट्यानं खायची, ताट विसळायचं, तरी दोनच वाजलेले असायचे. कुणाचा फोन आला तर तो शाळेचा. अक्काचा नाही, कारण तिला लावता येत नाही, आणि पुतण्यांना लाव म्हणून ती सांगत नसावी. मला तिची आठवण यायची, साधी, पोरासारखी. आणि तिच्याकडे जायचं म्हणजे ते वाक्य बोलायचं, हेही पक्कं होतं.

असं वर्ष गेलं. यंदा संक्रांतीनंतर मी मूळ फोटो छापून घेतला आणि गेलो.

अक्का ओसरीवर तूर निवडत होती. वाळली होती. मोकळ्या कपाळाची अक्का मी इतकी जवळून अजून पाहिली नव्हती. "ये," म्हणाली, "बस." भिंतीवरचा फोटो तिथंच होता. काचेवरचं कुंकू पुसलेलं, पण तिथली काच तांबूस, धुरकट राहिली होती.

मी कागद सोडून नवा फोटो तिच्या पुढ्यात ठेवला. तिनं हात झाडले, वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हे कुठनं आनलास?"

"हा त्योच फोटो हाय, अक्का. कुकू हुतं त्यात."

"हुतंच की. मीच लावले हुते."

"कॅमेऱ्यानं न्हाई खाल्लं. संगणकावर मी एक सोय करून ठिवली हुती, डाग काढायची. तिनं डाग समजून काढलं. मी बघितलो न्हाई."

मग मी तिला सगळं समजावून सांगितलं. लाल कण, गोल, ठिगळ, उभा कॅमेरा. वर्गात सांगतात तसं. ती ऐकत होती. मी थांबल्यावर म्हणाली,

"म्हंजी देवानं न्हाई दाखवलं?"

"न्हाई."

"तुला कवा कळलं हे?"

इथं मला खोटं बोलता आलं असतं. परवा कळलं, म्हटलं असतं तर तिनं मानलं असतं.

"तू इचारलीस तवाच," मी म्हणालो.

तिनं सूप बाजूला सारलं. ओरडली नाही. ओरडली असती तर मी तिचे पाय धरले असते.

"मी ह्येंची पायतानं लपवून ठिवायलते," ती म्हणाली. "रोज सकाळी धुंडायचे बिचारे. बांधापतोर जाऊन येतो म्हनायचे, लेकरावानी. तुरीला फुलं आली तवा डोळ्यात पानी आलतं ह्येंच्या. मी न्हाई सोडले." मग पहिल्यांदा तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "आन् तू, म्हाईत असून, फोटो काढून आनायलतास ह्येन्ला."

ती गुडघ्यावर हात देऊन उठली आणि आत गेली. आतून भांड्यांचा आवाज येईल म्हणून मी वाट बघत बसलो. मेंढरं ओरडली, पुतण्या बैल घेऊन गेला, साडेतीनची बस गावात येऊन परत गेली. आतून काहीच आवाज आला नाही. मी दारातून हाक मारली, "अक्का." दोनदा मारली. मग सूप उचलून तिची राहिलेली तूर निवडत बसलो, कारण तिथून उठलो तर परत त्या ओसरीवर बसायला मिळेल की नाही, हे मला माहीत नव्हतं.