उरलेल्या गोळ्यांचं हळदीकुंकू

माझी आई लघवीच्या साध्या इन्फेक्शनने गेली. घरात सून डॉक्टर असताना.

रिपोर्टवर अँटिबायोटिक्सची नावं होती आणि जवळपास प्रत्येकापुढे R. रेझिस्टंट. म्हणजे हे औषध आता या जंतूवर चालणार नाही.

नंतर आईच्या कपाटात बिस्किटांचा डबा सापडला.

त्यात अर्ध्या-अर्ध्या स्ट्रिप्स. बरं वाटलं की गोळ्या बंद, उरलेल्या डब्यात. पुढच्या तापाला त्याच. अशानेच जंतू औषधाला सरावतात. शेजारणींनाही वाटायची, वर पुण्य!

वहिनी तो डबा मांडीवर घेऊन खूप रडली. मग म्हणाली, "आपल्या धामणगाव बढ्यात घरोघरी हाये हा डबा."

संक्रांतीला तिने आपल्या क्लिनिकमध्येच हळदीकुंकू ठेवलं. निरोप धाडला, वाण मी देते, तुम्ही घरातल्या उरलेल्या गोळ्या आणा.

शेजारची शांतामावशी कोरी करकरीत स्ट्रिप घेऊन आली. भारीतल्या अँटिबायोटिकची. वर हळदकुंकवाची बोटं.

"मावशी, नवी काऊन आणली?"

"सणाच्या दिवशी उरलेलं कसं द्याव बाई? मेडिकलातून आणली तुह्यासाठी."

"चिठ्ठीबिना देल्ली त्यानं?"

"हाव! इचारलंबी नाई."

वहिनी पोट धरून हसली. मग डोकं धरून बसली.

हा किस्सा तिने केनियात काम करणाऱ्या हॉस्टेलच्या मैत्रिणीला लिहिला. उत्तर आलं, "इथेही सेम. फक्त हळदीकुंकू नाही."

मग या बोलण्यात बांगलादेशचे एक डॉक्टर आले, पेरूची एक नर्स आली. रविवारी क्लिनिक बंद झालं की कॉल. कुठे कोणतं औषध चालेनासं झालं, लोकांना कसं समजवायचं. वहिनीचं इंग्रजी वऱ्हाडी वळणाचं, पण समोरच्यांचंही आपापल्या गावचंच होतं.

आज त्याला सगळे इंटरनॅशनल नेटवर्क म्हणतात. सुरुवात शांतामावशीच्या स्ट्रिपने झालीय, सांगून ठेवते!

गावात मात्र वहिनीचे पेशंट तुटले. सर्दीला अँटिबायोटिक देईना ना. "डॉक्टरीनबाई नुसतं गरम पाणी पाजते."

दादा चिडायचा. ती म्हणायची, "येतीन वापस. मले घाई नाई."

मागच्या वर्षी आजच्या दिवशी वहिनी गेली. हार्ट अटॅक. मला वाटलं, संपलं सगळं. आता कोण ऐकणार?

वर्ष व्हायचं होतं म्हणून यंदा घरात संक्रांत नव्हती. पण बायकांनीच दादाकडून किल्ली मागून हळदीकुंकवासाठी क्लिनिक उघडलं. मोबाईलवर केनिया, ढाका, पेरू, सगळे हजर.

शांतामावशीने आपला डबा माझ्या हातात दिला. उघडला तर आत काहीच नाही.

"मावशी, रिकामा?"

"मंग! नातवाले ताप आला, त डॉक्टरले इचारूनच गोळ्या देल्ल्या. साऱ्या संपवल्या. उरलंच नाई काही. वाणाले रिकामा डबा चालते का वो?"

तिने तो मोबाईलसमोर उलटा करून दाखवला. केनियातली मैत्रीण टाळ्या वाजवता वाजवता रडायला लागली. मीही.

चालते, मावशी. हेच तर मागितलं होतं तिनं.

वहिनी, पेशंट वापस आले गं.

तुझ्या फोटोपुढे आज फुलांसोबत तो रिकामा डबा ठेवलाय. नमस्कार.