दोरीबाईंचा नियम

माझी थोरली बहीण भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. गॅस बंद केला की नाही ते बघायला ती अर्ध्या जिन्यावरून परत येते. कुलूप लावून ओढून बघते आणि मग मलाही ओढायला लावते. पण तिच्या इंग्रजीच्या वर्गात उलटं असतं. तिथं बाकीचे सगळे तिला घाबरतात आणि पाठीमागे तिला दोरीबाई म्हणतात.

वर्ग आमच्याच घरात भरतो, पुढच्या खोलीत. खाली लॉन्ड्री आहे, त्यामुळे फरशी कायम कोमट. येतात ती कामावरून सुटलेली मोठी माणसं: एक वेल्डर, दवाखान्यातली आया, एक ड्रायव्हर, आणि शिवणकाम करणारी एक बारकी, अबोल बाई. तिला सगळे चिमणी म्हणायचे. मुलीच्या शाळेत जाऊन स्वतः बोलायचं, एवढ्यासाठी ती येत होती.

खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधलेली. ताई त्यावर शब्दांच्या पाट्या कपड्यांच्या चिमट्यांनी लावते. आपण 'मला पाणी हवं' म्हणतो, म्हणजे 'हवं' सगळ्यात शेवटी. इंग्रजीत ते 'आय'च्या पाठोपाठ हजर: आय, वॉन्ट, मग सम, मग वॉटर. किती-केवढं सांगणारे शब्द पिवळ्या पाट्यांवर. "पाणी मच, बादल्या मेनी! मोजता येतं का ते आधी बघा," ती दरडावते. वर्गात बाकीच्यांना मराठी बंद. आणि नियम एकच: मनातल्या दोरीवर सगळं वाक्य नीट लागल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

"शिकवतेस की धाक घालतेस?" मी एकदा विचारलं.

"बाहेर लोक हसतात गं," ती म्हणाली. "मला हसलेत. यांना कुणी हसायला नको."

म्हणजे वर्गातली भीतीसुद्धा मूळची तिचीच.

त्या संध्याकाळी मी आत चहा टाकत होते. साखरेचा डबा रिकामा म्हणून ताईला विचारायला पुढे आले. ताई फळ्याकडे तोंड करून लिहीत होती. तिच्यामागे वेल्डर हात वर करून उभा, चेहरा पांढराफटक, ओठ नुसते पुटपुटताहेत. आया त्याला 'मच'ची पाटी दाखवत होती. ड्रायव्हर मानेनेच नाही म्हणत 'सम' पुढे करत होता. आणि फरशीच्या कडेने, भिंतीलगत, काळा धूर वर येत होता. धूर मोजता येतो का, हे त्यांचं ठरत नव्हतं!

"आग!" मी किंचाळले.

मग कोण कसं उतरलं ते विचारू नका. जिन्यात धक्काबुक्की, माझी चप्पल कुठे गेली देव जाणे. रस्त्यावर आल्यावर ताईने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं.

"चिमणी कुठाय?"

मग आया खाली बघत म्हणाली, "ती मगाशीच गेली, बाई. पॅसेजमधल्या बाथरूमला."

"मला न विचारता?"

"विचारायचं तर वाक्य लागतं ना, बाई. म्हणून ती गुपचूप जायची."

ताई वळली. मी तिचं मनगट घट्ट धरलं. "बंब येतोय, थांब ना, तुझ्या पाया पडते." तिने हिसडा देऊन ते सोडवून घेतलं. मी मागोमाग गेले. धाडस वगैरे काही नाही, ती आत आणि मी बाहेर, याचीच मला जास्त भीती वाटली.

वर पॅसेजमध्ये काही दिसत नव्हतं. डोळ्यांची आग होत होती. बाथरूम कुठल्या बाजूला, रोजची सवय असून कळेना.

"कुठे आहेस गं?" ताई ओरडली.

उत्तर नाही.

"अगं, ऐकू येतंय का?"

काही नाही. संपलं, मला वाटलं. ताईने भिंतीला हात टेकला. मग एकदम तिचा आवाज फाटला, "दोरी सोड! काहीही बोल! कसंही बोल गं!"

"बाई!" डावीकडून, अगदी जवळून आवाज आला. "इथे! मी इथे, बाई!"

ताईने आवाजाच्या रोखाने दार ढकललं, चिमणीला दंडाला धरून खेचलं, आणि आम्ही तिघी भिंत चाचपत खाली आलो.

बंब आला, आग विझली. लॉन्ड्रीतली मशिनं गेली, माणसं वाचली. चिमणी आयाची शाल पांघरून कितीतरी वेळ खोकत होती. दम लागलेल्या आवाजात ती ताईला म्हणाली, "रागावू नका, बाई. तुमची पहिली हाक ऐकली होती मी. वाक्यच लावत होते. आधी कुठला शब्द घ्यायचा ते सुचेना."

ताई तिथेच फुटपाथवर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली.

आता वर्ग पुन्हा सुरू झालाय. दोरी आहे, पिवळ्या पाट्या आहेत, मच-मेनीवरून दरडावणंही आहे. पण कुणी उत्तर देताना जरा गप्प झालं की ताईच्या हातातला खडू थांबतो. "बोल. कसंही बोल," ती म्हणते, आणि त्या माणसाचा आवाज कानावर पडेपर्यंत श्वास घेत नाही.