फॉरवर्डची दही-साखर

जर्मनीत आमच्या वरच्या मजल्यावर एक आर्मेनियन फुटबॉलपटू राहायचा. गावच्या क्लबाचा फॉरवर्ड, पण कितीतरी मॅचेस झाल्या तरी त्याचा एकही गोल नव्हता. एका शनिवारी तो मॅचला निघाला, तोंड पाडून जिना उतरत होता. मला राहवलं नाही. परीक्षेला निघालेल्या पोरांना देतात तशी मी त्याच्या हातावर दही-साखर ठेवली. त्यानं तोंड वाकडं केलं. त्यांच्याकडे म्हणे दह्यात लसूण-मीठ घालतात! पण त्या दिवशी गोल झाला, आणि पुढे दर मॅचआधी आमची बेल वाजू लागली.

उन्हाळ्यात त्याला ड्रेस्डेनच्या एका क्लबानं घेतलं. मग त्यांची आमच्याच गावाशी मॅच लागली, तर हा सकाळी दारात हजर! काही लाज? पण दारात आलेल्याला नाही म्हणवेना. वाटीभर दही दिलं, साखर मात्र मुद्दाम घातली नाही.

त्यानं वाटी चाटूनपुसून साफ केली. "आज अगदी माझ्या आईच्या हातचं लागलं," म्हणाला.

आणि आमच्यावर दोन गोल ठोकले.