बिनमिठाचं भरीत आणि माझी खुर्ची

शिरपूरजवळच्या आमच्या गावात सरपंचाची जागा बायकांसाठी राखीव झाली आणि मी निवडून आले. पुढे माझ्या धाकट्या जावेनंच माझ्यावर अविश्वास ठराव आणला. तीही सदस्य. मी पडले की खुर्ची तिची.

माझी लेक धुळ्याला देवपुरात कॉलेजात शिकवते. तिला फोन केला. ती म्हणाली, "माय, जुन्या काळी इटलीत राजांसाठी हा विचार करून ठेवलाय. मोजकी शहाणी माणसं जवळ धर. त्यांना खरं बोलायची मुभा दे, पण तू विचारशील तेव्हाच. न विचारता बोलेल त्याला उभं करू नको."

मला पटलं. माझ्या बाजूच्या सदस्यांना शेतात भरितावर बोलावलं. कपाशीच्या वाळल्या काड्यांवर वांगी भाजली. माणसं पारखायची म्हणून भरितात मीठ घातलं नाही, मिरचीही नाही. वाढलं आणि म्हटलं, "खरं बोला. कसं शे भरीत?"

"अक्का, असं भरीत बठ्ठा तालुकामा नही!"

दुसऱ्यानं पुन्हा वाढून घेतलं. तिसऱ्याला तिखट लागून ठसका आला. मी त्याला पाणी दिलं.

धूर बघून शेजारच्या वावरातून जाऊ आली. कोणी बोलावलं नव्हतं. तिनं घास घेतला आणि थुंकला.

"मीठ कोठे शे व बाई? सरपंच व्हयनी नि मीठ टाकाले भुलनी?"

लेकीच्या नियमानं तिला हाकलायला हवं होतं. मी विचारलं, "ठरावनं काय व्हई?"

"तू पडशी. या बठ्ठा माले हो म्हनी चुकनात."

तिला आधीच हो म्हणून बसलेले सगळे पत्रावळीत बघू लागले. ठसकेवाला पुन्हा ठसकला. जाऊ त्या चाटूनपुसून साफ केलेल्या पत्रावळी बघत राहिली आणि निघून गेली.

सभेत तहसीलदारांसमोर तिनं स्वतःच्याच ठरावाविरुद्ध हात वर केला. ते बघून बाकीच्यांनीही केले.

"मग ठराव आणला कोणी?" साहेबांनी विचारलं.

बाहेर आल्यावर मी तिला कारण विचारलं. म्हणाली, "बिनमीठनं गोड करी खातस, त्यास्ना भरवसावर मी राज करू?"

आता ती रोज न विचारता सल्ला देते. लेक म्हणते, हे नियमात बसत नाही. न बसो. जावेवर माझा अजून काडीचा भरवसा नाही. भरीत मात्र पहिल्यांदा तीच चाखते.